टीव्ही शोरूममध्ये नाही, आपल्या हॉलमध्ये निवडा! एचडी, फुल एचडी, फोर-के आणि तुमचे कष्टाचे पैसे

गणपती झाले की दसरा येतो, दसरा झाला की दिवाळी. मध्येच कुणीतरी पाहुणा घरी येतो आणि सहज म्हणतो, "अजून हाच टीव्ही का तुमच्याकडे?" झालं! पुढच्या रविवारी सगळं घर शोरूममध्ये. समोर भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच व्हिडिओ, रंगीत मासे आणि लालभडक फुलं. सेल्समन म्हणतो, "काका, एचडीचा जमाना गेला आता. फोर-केच घ्या. सहाच हजार जास्त पडतील, ईएमआयमध्ये कळणारसुद्धा नाही." काकांना टिंबं कळत नाहीत, हर्ट्झ कळत नाही, पण मागे मुलगा उभा आहे आणि सेल्समनसमोर अडाणी दिसायचं नाहीये. काका मान डोलावतात.

आता तुम्ही म्हणाल, "सर, धंद्याच्या ब्लॉगवर टीव्हीचं काय काम?" दोन कामं आहेत.

पहिलं म्हणजे, जो माणूस व्यवसाय सुरू करायच्या तयारीत आहे, त्याच्या हातातले दहा हजार हे नुसते दहा हजार नसतात, ते त्याचं भांडवल असतं. टीव्ही जरूर घ्या, घरच्यांनाही आनंद हवाच. पण न दिसणाऱ्या गोष्टीसाठी पैसे मोजू नका. दुसरं म्हणजे, तुम्ही उद्या मसाले विका, मोबाईल विका, नाहीतर इन्शुरन्स विका, तुमचा ग्राहक त्या काकांसारखाच गोंधळलेला असणार आहे. त्याचा गोंधळ कसा सोडवायचा हे शिकायला टीव्हीसारखं उदाहरण नाही.

आजच्या लेखाचं सार आधीच सांगतो: टीव्हीचा आकडा बॉक्सवर वाचायचा नसतो, तो आपल्या घरात मोजायचा असतो. त्यासाठी तीन प्रश्न पुरतात. तुम्ही बसता कुठे? टीव्हीत येतं काय? आणि खोली कशी आहे? चला, एकेक घेऊ. पण त्याआधी थोडी ओळख.

एचडी म्हणजे नक्की काय? टिंबांचा सोपा हिशेब

टीव्हीवरचं चित्र हे बारीक बारीक टिंबांचं बनलेलं असतं, जशी ठिपक्यांची रांगोळी. या टिंबांना पिक्सेल म्हणतात. ठिपके जितके जास्त आणि जवळजवळ, तितकी रांगोळी रेखीव. आडवी टिंबं गुणिले उभी टिंबं, एवढाच हा हिशेब आहे.

- एसडी, म्हणजे आपला जुना साधा टीव्ही: ७२० × ५७६, साधारण ४ लाख टिंबं.
- एचडी: १२८० × ७२०, साधारण ९ लाख टिंबं. बाजारात 'एचडी रेडी' म्हणून जे ३२ इंची टीव्ही मिळतात, त्यातल्या बऱ्याच जणांचा पडदा १३६६ × ७६८ टिंबांचा असतो.
- फुल एचडी: १९२० × १०८०, साधारण २१ लाख टिंबं.
- फोर-के, म्हणजेच अल्ट्रा एचडी: ३८४० × २१६०, साधारण ८३ लाख टिंबं.
- एट-के: ७६८० × ४३२०, ३ कोटी ३१ लाखांहून जास्त टिंबं. घरासाठी याचा विचार सध्या सोडून द्या, कारण एवढ्या टिंबांचे कार्यक्रमच आपल्याकडे जवळपास नाहीत.

आकड्यानंतर कधी 'आय' लिहिलेलं असतं, कधी 'पी'. १०८०आय म्हणजे एका वेळी एकाआड एक ओळी दाखवायच्या, म्हणजे आधी विषम आणि मग सम. १०८०पी म्हणजे सगळ्या ओळी एकदम. आपल्याकडचे एचडी चॅनेल साधारणपणे १०८०आय असतात, ओटीटीवर १०८०पी मिळतं. यापेक्षा जास्त डोकं त्यात घालायची गरज नाही.

भारतात १९५९ साली दिल्लीत टीव्ही आला, १९७२ साली मुंबई केंद्र सुरू झालं, १९८२ साली रंग आले आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दूरदर्शनने एचडी प्रक्षेपण केलं. म्हणजे नुसत्या चित्राला रंग यायला तेवीस वर्षं लागली. आता मात्र दर दोन-तीन वर्षांनी बॉक्सवर नवा शब्द येतो. वेग तंत्रज्ञानाचा आहेच, पण त्यात जाहिरातीचाही वाटा आहे. म्हणून प्रश्न आपण विचारायचे.

प्रश्न पहिला: तुम्ही बसता कुठे?

माणसाच्या डोळ्याला मर्यादा आहे. ठराविक अंतराच्या पलीकडे गेलं की दोन टिंबं वेगळी दिसतच नाहीत, एकच दिसतं. त्या अंतराच्या पलीकडे बसून तुम्ही कितीही जास्त टिंबांचा टीव्ही घ्या, चित्र तेवढंच दिसणार.

चांगल्या नजरेच्या माणसासाठी हे अंतर साधारण असं येतं:

- ३२ इंच, एचडी: सुमारे ६ फूट
- ३२ इंच, फुल एचडी: सुमारे ४ फूट
- ४३ इंच, फुल एचडी: सुमारे साडेपाच फूट
- ५५ इंच, फुल एचडी: सुमारे ७ फूट
- ६५ इंच, फुल एचडी: सुमारे साडेआठ फूट

याचा अर्थ नीट समजून घ्या. तुमच्या बेडरूममध्ये ३२ इंची टीव्ही लावायचा आहे आणि तुम्ही ८ फुटांवरून बघणार आहात, तर एचडी आणि फुल एचडी यातला फरक तुमच्या डोळ्यांना जवळपास कळणार नाही. ४३ इंची टीव्ही १० फुटांवरून बघणार असाल, तर फुल एचडी आणि फोर-के सारखेच. १० फुटांवरून फोर-केची टिंबं वसूल करायची तर टीव्ही ७५ इंचांच्या पुढचा लागेल.

मग शोरूममध्ये फरक एवढा ठळक का दिसतो? कारण तिथे तुम्ही तीन फुटांवर उभे असता! घरी सोफा दहा फुटांवर असतो. मालाची जागा तीच, पण गिऱ्हाईक कुठे उभं आहे यावर सगळा खेळ.

आता आकार कसा ठरवायचा? सोपं सूत्र लिहून घ्या. बसायच्या जागेपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंतचं अंतर फुटांत मोजा. त्याला ५ ते ६ ने गुणा. जो आकडा येईल, तेवढ्या इंचांचा टीव्ही बातम्या आणि मालिका बघणाऱ्या घराला आरामात पुरतो. क्रिकेट आणि सिनेमाचे शौकीन असाल तर साडेसातने गुणलं तरी चालेल.

म्हणजे ६ फुटांना ३० ते ३६ आले, शौकिनांना ४५. ८ फुटांना ४० ते ४८ आले, शौकिनांना ६०. बाजारात जो आकार जवळचा मिळेल तो घ्यायचा.

एक गंमत अजून. टीव्हीचे इंच हे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत मोजलेले असतात, रुंदी वेगळी असते. ३२ इंची पडदा साधारण ७१ सेंटीमीटर रुंद, ४३ इंची ९५ सेंटीमीटर, तर ५५ इंची १२२ सेंटीमीटर, म्हणजे पूर्ण चार फूट. त्याच भिंतीवर देवघर आहे का, स्विचबोर्ड आहे का, शोकेसच्या कप्प्यात टीव्ही मावतो का, हे दुकानात जायच्या आधी बघायचं. वर्तमानपत्राचे कागद चिकटवून त्या मापाचा चौकोन भिंतीवर लावा आणि एक दिवस तसाच ठेवा. घरच्यांचं मत आपोआप कळेल.

प्रश्न दुसरा: टीव्हीत येतं काय?

हा प्रश्न दुकानात सहसा कुणी विचारत नाही, आणि पैसे जास्त वाया जातात ते इथेच.

टीव्ही म्हणजे ताट आहे. ताट चांदीचं घेतलं म्हणून पिठलं काही पुरणपोळी होत नाही. एसडी चॅनेलचं चित्र ४ लाख टिंबांचं असतं आणि फोर-के पडदा ८३ लाखांचा. म्हणजे मूळ चित्रातलं एक टिंब वीस टिंबांवर पसरवावं लागतं. टीव्ही आपल्या परीने मधल्या जागा भरतो, पण जे मुळात नाहीच ते तो आणणार कुठून? म्हणून मोठ्या फोर-के टीव्हीवर एसडी चॅनेल लावलं की चेहरे पुसट, मेणासारखे दिसतात. लोक म्हणतात, "जुन्या टीव्हीवर छान दिसायचं!" त्यांचं बरोबरच असतं.

तेव्हा स्वतःला विचारा:

डीटीएच किंवा केबल बघता का? सेटटॉप बॉक्स एचडी आहे का? पॅकमध्ये एचडी चॅनेल घेतलेत का? झी मराठी, स्टार प्रवाह यांसारखी चॅनेल एसडी आणि एचडी अशा दोन्ही रूपांत असतात आणि दोघांचे दर वेगळे असतात. डीडी फ्री डिशला महिन्याचे पैसे लागत नाहीत, पण त्यावरची बरीचशी चॅनेल एसडी आहेत. तुमचं घर फ्री डिशवर समाधानी असेल, तर ५५ इंची फोर-के घेऊन ते समाधान घालवू नका.

वायर कोणती जोडली आहे? बघा हं, ही अगदी फुकटात सुधारणारी गोष्ट आहे. लाल, पांढरी, पिवळी अशी तीन टोकांची जुनी वायर एचडी चित्र नेऊच शकत नाही. बॉक्स एचडी, टीव्ही एचडी, चॅनेलचे पैसे एचडीचे, आणि मध्ये ही वायर! अशी घरं भरपूर आहेत. एचडीएमआय वायर जोडा आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र १०८० वर आहे का ते बघा. कदाचित तुम्हाला नव्या टीव्हीची गरजच नसेल.

ओटीटी बघता का? मग इंटरनेटचा वेग बघा. नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ एमबीपीएस वेग लागतो. डेटाही तसाच जातो. एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत, फोर-केला ७ जीबीपर्यंत. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, रोजच्या दोन जीबीमध्ये टीव्ही चालवणाऱ्या घरात फोर-के सिनेमा वीस मिनिटांतच थांबेल. शिवाय प्लॅनही बघावा लागतो. नेटफ्लिक्सवर फोर-के फक्त सगळ्यात वरच्या प्लॅनमध्ये मिळतं. म्हणजे फोर-के टीव्ही ही एकदाची खरेदी नाही, तिला महिन्याचा खर्चही चिकटलेला आहे.

मग फोर-के घ्यायचाच नाही का? तसं नाही. ४३ इंच आणि त्यापुढच्या आकारात आता बाजारात फोर-केच जास्त दिसतात आणि किमतीतलं अंतरही पुष्कळदा थोडं असतं. दोन्ही जवळपास एकाच भावात मिळत असतील तर बिनधास्त फोर-के घ्या. पण फोर-केच्या नावासाठी पडद्याचा दर्जा, आवाज आणि सर्व्हिस यांवर पाणी सोडू नका.

प्रश्न तिसरा: खोली कशी आहे आणि बघणार कोण?

टिंबांपेक्षाही जास्त फरक पडतो तो पडद्याच्या जातीने. इथे शब्दांचं जंगल आहे, पण वाट सोपी आहे.

'एलईडी टीव्ही' म्हणून जो विकतात, तो खरं तर एलसीडी पडदाच असतो, फक्त मागून उजेड एलईडी दिव्यांचा असतो. 'क्यूएलईडी' म्हणजे तोच पडदा, पण रंग जास्त खुलवण्यासाठी मध्ये एक खास थर घातलेला. 'ओएलईडी' मात्र वेगळी जात आहे. त्यात प्रत्येक टिंब स्वतः उजळतं आणि स्वतः विझतं, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. सिनेमासाठी तो उत्तम, पण महाग. आणि एकच चित्र तासन्‌तास ठेवलं तर त्याचा डाग पडद्यावर राहण्याची शक्यता असते. नावं सारखी वाटतात म्हणून क्यूएलईडी आणि ओएलईडी एकच समजू नका.

साध्या एलईडीमध्ये दोन प्रकारचे पडदे असतात:

- आयपीएस: बाजूने बघितलं तरी रंग बिघडत नाहीत. पण अंधारात काळा रंग थोडा राखाडी वाटतो.
- व्हीए: समोरून काळा रंग छान गडद. पण बाजूला बसलेल्याला चित्र फिकट दिसतं.

आता घर डोळ्यासमोर आणा. आजी पलंगावर, बाबा खुर्चीवर, मुलं जमिनीवर, आई स्वयंपाकघराच्या दारातून बघतेय. अशा घराला बाजूने चांगला दिसणारा पडदा हवा. नवराबायको दोघंच, रात्री दिवे बंद करून समोर बसून सिनेमा बघतात, त्यांना व्हीए चांगला.

मग उजेड. हॉलला मोठी खिडकी, दुपारचं ऊन थेट टीव्हीवर. अशा खोलीत मंद पडद्याचा टीव्ही म्हणजे आरसाच, त्यात स्वतःचाच चेहरा दिसेल. पडद्याच्या उजेडाचं माप 'निट्स' मध्ये असतं. स्वस्त टीव्ही पुष्कळदा २५०-३०० निट्सच्या आसपास असतात. अंधाऱ्या बेडरूमला तेवढं पुरतं, उजेडाच्या हॉलला कमी पडतं. बॉक्सवर निट्स लिहिले नसतील तर विचारा. विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलची माहिती शोधा.

बॉक्सवरचे मोठे शब्द, थोडक्यात

एचडीआर: उजेड आणि अंधार यातले बारकावे जास्त दाखवणारं तंत्र. पण ते दाखवायला पडदा तेवढा उजळ हवा. मंद पडद्यावर 'एचडीआर सपोर्ट' लिहिलेलं असलं, तरी त्याचा अर्थ एवढाच की टीव्हीला ती भाषा समजते. बोलता येतेच असं नाही.

हर्ट्झ: सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा. साध्या टीव्हीला ५० किंवा ६० हर्ट्झ पुरतात. गेम खेळणारा मुलगा घरात असेल तर १२० चा विचार करा. 'मोशन' वगैरे शब्द लावून जे फुगवलेले आकडे लिहितात, त्यांच्याकडे न बघता पडद्याचे मूळ हर्ट्झ विचारा.

स्मार्ट: आत छोटा कॉम्प्युटर आहे, एवढाच अर्थ. रॅम किमान दीड-दोन जीबी असावी, नाहीतर वर्ष-दोन वर्षांत ॲप उघडायला वेळ लागतो. पण त्यासाठी लगेच टीव्ही बदलायचा नाही. पडदा चांगला असेल तर बाहेरून स्टिक लावून काम भागतं.

आवाज: टीव्ही पातळ झाले आणि स्पीकरला जागाच उरली नाही. वयस्कर माणसांना संवाद नीट ऐकू यायला हवेत. बजेटमध्ये साउंडबारची जागा ठेवा आणि टीव्हीला एचडीएमआय एआरसी पोर्ट आहे का बघा.

पोर्ट: सेटटॉप बॉक्स, साउंडबार आणि एखादी स्टिक किंवा गेम, म्हणजे तीन एचडीएमआय झाले. दोनच असतील तर रोज वायर काढाघाला.

टीव्हीची खरी किंमत काढा

धंद्यात आपण काय म्हणतो? खरेदी किंमत वेगळी आणि घरात येऊन पडलेली किंमत वेगळी. टीव्हीलाही हेच लावा.

- टीव्हीची किंमत
- भिंतीचा स्टँड आणि फिटिंग
- एचडी बॉक्स किंवा पॅकमधला फरक, इंटरनेट, ओटीटीचा प्लॅन
- साउंडबार लागणार असेल तर तो
- स्टॅबिलायझर किंवा चांगला स्पाइक गार्ड
- जादा वॉरंटी
- वीज

विजेचा हिशेब सोपा आहे. १०० वॉटचा टीव्ही रोज ५ तास चालला तर महिन्याला १५ युनिट. दोन मॉडेलमध्ये अडकलात तर स्टार लेबलवरचे वर्षाचे युनिट बघा.

कराचंही लक्षात ठेवा. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. ३२ इंचांपर्यंत तो आधीपासूनच १८ टक्के होता. कर सोडून ३०,००० रुपयांचा ४३ इंची टीव्ही पूर्वी ३८,४०० ला पडला असता, तो आता ३५,४०० ला पडतो. जुन्या लेखांतले भाव वाचून तुलना करत असाल तर हा फरक धरा.

'नो कॉस्ट ईएमआय' हा शब्द ऐकला की एकच प्रश्न विचारायचा: "दादा, रोख दिले तर किती कमी कराल?" जो आकडा येईल, तो त्या ईएमआयचा छुपा खर्च. त्यात प्रोसेसिंग फी आणि कार्डवर घेतलं तर व्याजावरचा जीएसटी मिळवा. आणि व्यवसायासाठी कर्ज घ्यायचं मनात असेल तर हेही धरा, की चालू असलेला प्रत्येक हप्ता बँक मोजते.

जादा वॉरंटी घ्यावी का? टीव्हीच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा पडद्याच्या पॅनेलचा असतो. पॅनेल गेलं तर दुरुस्तीचं बिल नव्या टीव्हीच्या जवळ जातं. म्हणून वॉरंटी घेताना "पॅनेल धरलंय का?" हे आधी विचारा आणि लेखी घ्या. धक्का लागून पडदा फुटला तर साध्या वॉरंटीत ते सहसा बसत नाही. मुलांचा चेंडू घरात उडत असेल तर टीव्ही भिंतीवर, थोडा आत घ्या.

तीन घरं, तीन निर्णय

समजा पहिलं घर, तालुक्याच्या गावातलं. फ्री डिश, अंतर ६ फूट, आईवडील मालिका आणि बातम्या बघतात. ३२ इंची एचडी पुरेसा. उरलेल्या पैशांत साउंडबार घ्या, त्यांना संवाद ऐकू येतील. अंगावर येणारा फरक तो असेल.

दुसरं घर, शहरातला वन बीएचके. हॉलमध्ये अंतर ८ फूट, वायफाय आहे, बाजूला खिडकी, माणसं चारही बाजूंना बसतात. ४३ किंवा ५० इंची, बाजूने चांगला दिसणारा आणि उजळ पडदा. फोर-के मिळालं तर छान, पण पहिला निकष उजेड.

तिसरं घर, हॉल मोठा, अंतर १० फूट, सगळे क्रिकेटवेडे. ५५ ते ६५ इंची फोर-के. एचडी स्पोर्ट्स चॅनेलचा खर्च आधीच बजेटमध्ये धरा, नाहीतर मोठ्या पडद्यावर पुसट बॉल बघत बसाल.

तिन्ही घरांत आधी हॉल मोजला, मग टीव्ही ठरला. हाच क्रम ठेवा.

दुकानात आणि डिलिव्हरीला एवढं कराच

१. घरातलं अंतर पावलांत मोजून जा आणि दुकानात तेवढंच मागे उभे राहा.

२. रंगीत माशांचा व्हिडिओ बंद करायला सांगा. रोज बघता ते चॅनेल लावा, किंवा पेन ड्राइव्हवर घरच्या लग्नाचा व्हिडिओ न्या. माणसांच्या कातडीचा रंग नैसर्गिक दिसला पाहिजे.

३. शोरूममध्ये टीव्ही 'व्हिव्हिड' मोडवर असतो, सगळं भडक. 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा' मोड लावून बघा. बाजूला सरकून बघा. एखादा अंधारातला प्रसंग बघा.

४. गावात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का ते विचारा. टीव्हीवर बीआयएसचा शिक्का आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. अनोळखी स्वस्त ब्रँडच्या बाबतीत तर नक्की.

५. पक्कं बिल घ्या, त्यावर टीव्हीचा सिरीयल नंबर असावा. ऑनलाइन मागवला असेल तर बॉक्स उघडताना व्हिडिओ काढा. काही कंपन्यांमध्ये त्यांच्या माणसाशिवाय बॉक्स उघडायचा नसतो, ते आधी विचारून घ्या. टीव्ही लावल्यावर पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असा एकेक रंग लावून मेलेलं टिंब किंवा काळपट डाग आहे का ते त्याच दिवशी बघा.

तक्रार ऐकून घेतली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तो फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

आणि आपल्या हवामानाचं विसरू नका. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर टीव्ही लावू नका. वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की टीव्हीचा प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढा. नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही.

आता यात धंदा कुठे आहे?

गावातला छोटा टीव्ही दुकानदार ऑनलाइनच्या भावाशी लढू शकत नाही, हे खरं. पण ऑनलाइन कंपनी ग्राहकाच्या हॉलमध्ये टेप घेऊन येत नाही. तुम्ही जाऊ शकता. "वहिनी, तुमचा सोफा आठ फुटांवर आहे, तुम्हाला ५५ ची गरज नाही, ४३ छान दिसेल." हे वाक्य बोलणारा माणूस त्या दिवशी काही हजारांची विक्री सोडतो. पण त्या वहिनी पुढचा फ्रिज, वॉशिंग मशीन आणि बहिणीचा टीव्ही कुठून घेतील? तुमच्याकडूनच. कमी विकून विश्वास कमावणं हा भोळेपणा नाही, तो पुढच्या दहा वर्षांचा हिशेब आहे.

भांडवल कमी असेल तर दुकानाशिवायही काम आहे. टीव्ही भिंतीवर बसवणं, वायरी लपवणं, सेटटॉप बॉक्सची सेटिंग, साउंडबार जोडणं, आजीआजोबांना रिमोट शिकवणं. ड्रिल मशीन, लेव्हल पट्टी, चार वायरी आणि गोड बोलणं, एवढ्यावर सुरुवात होते.

आणि स्वतःच्या दुकानात किंवा कॅफेत टीव्ही लावणार असाल तर चार गोष्टी तपासा. एक, घरगुती टीव्हीच्या वॉरंटीत धंद्यातला वापर पुष्कळदा चालत नाही. दिवसभर चालवायचा असेल तर त्यासाठीच बनवलेला डिस्प्ले बघा. दोन, मेन्यू दिवसभर तसाच दाखवायचा असेल तर ओएलईडी टाळा. तीन, घरचं डीटीएच कनेक्शन दुकानात लावू नका, तिथे व्यावसायिक कनेक्शन लागतं. चार, जीएसटी नोंदणी नियमित प्रकारातली असेल तर बिल जीएसटी नंबरवर घ्या, धंद्यासाठी घेतलेल्या टीव्हीच्या कराचं क्रेडिट मिळू शकतं. कंपोझिशनमध्ये असाल तर ते मिळत नाही. घरच्या टीव्हीचं बिल मात्र धंद्यात घुसवायचं नाही, आधीच सांगतो!

आजचा गृहपाठ

आज संध्याकाळी टेप घ्या. सोफ्यापासून टीव्हीपर्यंतचं अंतर मोजा. टीव्हीच्या मागे वाकून कोणती वायर जोडली आहे ते बघा. घरात किती एचडी चॅनेल आहेत ते मोजा. मग वहीत तीन ओळी लिहा: अंतर किती, येतं काय, खोली कशी. त्यानंतर शेजारच्या एका घरात जाऊन त्यांचंही असंच मोजून द्या, फुकट. त्यांनी विचारलेले प्रश्न वहीत उतरवून ठेवा. तुमच्या धंद्यात गिऱ्हाईक काय विचारणार आहे, याची ती पहिली यादी.

कोणाचा टीव्ही नुसती वायर बदलून सुधारला ते मला जरूर कळवा. भेटूया पुढच्या लेखात. तोपर्यंत मोजत राहा, शिकत राहा, वाढत राहा.